वेलचीच्या खालचा वास

(कुरुळी. तेलघाण्याच्या दुकानामागची खोली. गुरुवार, दुपारचे तीन. औद्योगिक भागाची लाईट बंद, म्हणून घाणाही बंद.)

विजयश्री : खुणा करू नका, गणराजभाऊ. आजोबांनीच सांगायचंय. आजोबा, आज वार कोणता?

दौलतराव : लाईट न्हाई. म्हंजी बेस्तरवार.

विजयश्री : बरोबर. आणि महिना?

दौलतराव : म्हैना गण्याला इचारा. म्हैना त्यो बघतो, मी तेल बघतो.

विजयश्री : बरं. मघाशी मी तुम्हाला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. आठवतात?

दौलतराव : कुणी सांगितले?

विजयश्री : मीच.

दौलतराव : तुमी कुणाच्या?

विजयश्री : मी विजयश्री. हॉस्पिटलमधून येते. सहा महिने झाले, दर महिन्याला येते. तुमच्यासाठी तेलाच्या बाटल्या घेऊन.

दौलतराव : घाणेवाल्याच्या घरी तेल घिऊन येता? तुमचं धाडस म्हणायचं.

विजयश्री : दर वेळी तुम्ही हेच म्हणता. मी माझ्या आईलासुद्धा सांगितलंय. शब्द, आजोबा. तीन होते.

दौलतराव : येक आंबा व्हता.

विजयश्री : हो, आंबा होता. आणखी?

दौलतराव : आंबा बास हाय. उगं जास्त कशाला.

विजयश्री : बरं, झालं. बसा निवांत. मी जरा ह्यांच्याशी बोलते.

गणराज : किती आले, मॅडम?

विजयश्री : तीसपैकी चौदा.

गणराज : पहिल्यांदा एकोणीस होते.

विजयश्री : हो. मधे सतरा. उतरतायत. तुम्हाला घरात दिसतच असेल.

गणराज : दिसतं. परवा त्यांनी घाण्याच्या मोटारीपुढं वैरण आणून टाकली. शेजारच्या गोठ्यातून उचलून आणली होती. मी गोळा केली, परत देऊन आलो.

विजयश्री : त्यांना काही बोलला नाहीत?

गणराज : काय बोलणार? बैल तिथंच फिरायचा. आबांच्या हिशोबानं तो उपाशी होता.

विजयश्री : मग आता सही करून टाकू. पुढचं परत एकदा सांगते, म्हणजे घोटाळा नको. ह्या सहा महिन्यांत निम्म्या पेशंटांना जवस आणि अक्रोडाचं तेल दिलं, निम्म्यांना साधं. कुणाला कुठलं, ते मलाही माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही. पुढचं वर्षभर मात्र सगळ्यांना जवस-अक्रोडाचंच मिळणार. शिवाय महिन्यातून एकदा मेंदूचे डॉक्टर तपासणार, न्यायला-आणायला गाडी येणार. अट एकच. पहिले सहा महिने रोज दोन चमचे, जेवणात, न चुकता घेतलेले पाहिजेत. ते घेतले, असं तुम्ही लिहून द्यायचं. इथं.

गणराज : गाडी येते ते फार बरं आहे. रिक्षात ते बसत नाहीत. उतरून चालायला लागतात.

विजयश्री : म्हणूनच म्हणते. करा सही.

गणराज : सहीच्या आधी एक सांगायचंय, मॅडम.

विजयश्री : सांगा की.

गणराज : ते तेल त्यांनी घेतलं नाही.

विजयश्री : म्हणजे, मधे काही दिवस चुकले? तेवढं चालतं. आठवड्यात एखादा दिवस धरलेला असतो आम्ही.

गणराज : तसं नाही. पहिले आठ दिवस घेतलं. नंतर घेतलंच नाही.

विजयश्री : पण बाटल्या रिकाम्या मिळत होत्या मला दर महिन्याला.

गणराज : त्या मी करत होतो. शनिवारी मारुतीला जायचो तेव्हा वाहून यायचो.

विजयश्री : मारुतीला?

गणराज : तेल नुसतं ओतून देत नाही आम्ही. गटारात तेल गेलेलं आबांनी बघितलं असतं तर दोन दिवस जेवले नसते. म्हणून देवाला.

विजयश्री : सहा महिने.

गणराज : पंचवीस शनिवार झाले. मूर्ती चकचकीत झालीये अगदी.

विजयश्री : थांबा, गणराजभाऊ. मला नीट सांगा. तुम्ही स्वतः हॉस्पिटलमध्ये येऊन नाव घातलंत. पहिल्या दिवशी तुम्ही मला किती प्रश्न विचारले होते. कुठल्या बियांचं, कितव्या दिवशी काढलेलं, बाटली काचेची की प्लॅस्टिकची. एवढं सगळं करून, का?

गणराज : आबा म्हणाले, सरकी आहे.

विजयश्री : सरकी?

गणराज : सरकीचं तेल. नवव्या दिवशी मी चमचा भरत होतो. त्यांनी हात पुढं केला. तळहातावर थेंब घेतला, चोळला, वास घेतला आणि म्हणाले, गण्या, ही सरकी हाय, आपल्याला फसवलंय, टाकून दे. एकदम पूर्वीसारखे म्हणाले. तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

विजयश्री : आणि तुम्ही टाकून दिलं.

गणराज : मॅडम, तुम्हाला आमच्या घाण्याची रीत सांगतो, म्हणजे लक्षात येईल. आमच्याकडं घाणी, म्हणजे एका खेपेचं तेल, निघाली की पहिला थेंब आबांच्या हातावर. ते हं म्हणाले की डबा लागणार, नाही म्हणाले की नाही लागणार, मग गिऱ्हाईक दारात उभं असू दे नाहीतर रस्त्यावर लोळू दे. चाकणच्या बाजारातून लोक बाटलीत तेल घेऊन यायचे, दौलतराव, जरा बघता का, ह्यात काय मिसळलंय. ते सांगायचे, आणि ते चुकलेलं मी कधी बघितलं नाही. आजार निघाल्यावरही आम्ही ती रीत मोडली नाही. आत्ताही काल काढलेल्या घाणीला त्यांचंच हं आहे. मोशीच्या सोसायट्यांमधून येतात ना लोक, त्यांना ते बघायला आवडतं. फोटो काढतात.

विजयश्री : मग त्यांना सहा महिने काय दिलंत?

गणराज : करडी. आपल्या घाण्याची. जन्मभर तेच खाल्लंय त्यांनी. मला वाटलं, त्यांना साधं तेल मिळणाऱ्या निम्म्यांत टाकलंय. साधंच द्यायचं तर आपलं काय वाईट आहे?

विजयश्री : तुमच्याकडे जवस होता की. बाहेर पाटी आहे ना तुमची? काय लिहिलंय तिच्यावर, मेंदूसाठी उत्तम?

गणराज : ती पाटी मीच रंगवून घेतली. फोनवर येत होतं सगळीकडं, जवस खा, जवस खा. लोक विचारायला लागले. म्हटलं, लावू पाटी. खपतं. पण माझा स्वतःचा विश्वास कुठं होता तिच्यावर? आबा म्हणायचे, जवस बैलाला. त्यांच्या ताटात जवस कोण वाढणार?

विजयश्री : मला फोन करायचा होतात. एक फोन.

गणराज : करणार होतो. नंतर वाटलं, तुम्ही चांगल्या आहात, तुम्हाला काय माहीत बाटलीत काय भरतात. उगाच तुमच्या नोकरीवर यायचं.

विजयश्री : आज मग का सांगताय?

गणराज : आज तुम्ही म्हणालात ना, न चुकता घेतलं असं लिहून द्या. मला वाटलं होतं, तुम्ही नुसतं विचाराल. तोंडी हो म्हटलं असतं मी. लिहून देणं निराळं.

दौलतराव : गण्या, बाईंना च्या दिला का?

गणराज : दिला, आबा. मघाशीच झाला.

दौलतराव : मला न्हाई दिला.

गणराज : तुम्हालाही दिला. कप बघा, पायाशी आहे.

दौलतराव : व्हय. हाय की.

विजयश्री : गणराजभाऊ, एक विचारू? आजोबांनी तो वास घेतला तेव्हा सरकीशिवाय आणखी काही म्हणाले का?

गणराज : फसवलंय म्हणाले.

विजयश्री : ते सोडा. दुसरा कसला वास येतोय, असं काही?

गणराज : नाही.

विजयश्री : वेलची म्हणाले नाहीत?

गणराज : वेलची? वेलची कशाला म्हणतील?

विजयश्री : कारण बाटलीत वेलचीचा अर्क आहे. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांमध्ये. आतलं तेल कुणाला ओळखता येऊ नये म्हणून मुद्दाम घातलाय, आणि चांगला भरपूर. झाकण उघडलं की खोलीत पसरतो. लोक मला म्हणतात, मॅडम, श्रीखंड खाल्ल्यासारखं वाटतं.

गणराज : सगळ्या बाटल्यांत?

विजयश्री : सगळ्या. ते आठ दिवस तर तुम्ही रोज झाकण उघडत होतात. तुम्हाला नाही आला?

गणराज : मला वास येत नाही, मॅडम.

विजयश्री : सर्दी आहे?

गणराज : कोरोनात गेला. दुसऱ्या लाटेत. चव आली परत, अर्धीमुर्धी. वास आला नाही. गॅस चालू राहिला तरी कळत नाही मला. घाण्यावर मी रंग बघतो, फेस बघतो, पेंड हातात दाबून बघतो. त्यावर चालतं.

विजयश्री : कुणाला माहीत आहे?

गणराज : बायकोला. बाहेर कुणाला नाही. घाणेवाल्याला नाक नाही म्हटल्यावर कोण येईल तेल घ्यायला? तसे आबा होते, म्हणून फार अडलं नाही. त्यांचं नाक होतं ना.

विजयश्री : मी जे सांगणार आहे ते तुम्हाला कुणी आधी सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलंही असेल. ह्या आजारात पुष्कळ लोकांचा वास आधी जातो. विसरायला लागायच्या आधी, काही वर्षं आधीसुद्धा. आणि गेलाय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही.

गणराज : आबांचा नाही गेला.

विजयश्री : वेलची चुकणार नाही त्यांच्याकडून, जर नाक असेल तर.

गणराज : ते दर घाणीला हं म्हणतात, मॅडम.

विजयश्री : एक करून बघूया का? तुमच्याकडे खोबऱ्याचं तेल आहे? आणि तीळ?

गणराज : आहे. समोरच आहेत दोन्ही डबे.

विजयश्री : दोन वाट्यांत थोडं थोडं घ्या. आजोबा, जरा एक काम आहे. तेल बघायचंय.

दौलतराव : आणा. आता कामाचं बोलला.

विजयश्री : पण डोळे मिटून बघायचं. जमेल?

दौलतराव : तेल काय डोळ्यानं बघत्यात व्हय? मिटले. आणा.

गणराज : हात पुढं करा, आबा. हे घ्या. हे कुठलं?

दौलतराव : थांब, चोळू दे. हं. करडी. आपली.

विजयश्री : खोबरं आहे ना ते?

गणराज : खोबरं आहे.

विजयश्री : मला इथपर्यंत येतोय वास. दुसरं द्या.

गणराज : हात पुसा, आबा. हे फडकं. आता हे बघा.

दौलतराव : करडी. आपलीच हाय ही बी. चांगली निघालीया. लाव डबा.

विजयश्री : आता ती पहिली वाटी मला द्या. तुम्ही काही बोलू नका. आजोबा, हे बघा. हे मी आणलंय. हॉस्पिटलमधून.

दौलतराव : तुमी आणलंय? द्या. …सरकी हाय, बाई. तुमाला फसवलंय कुणीतरी. टाकून द्या.

विजयश्री : झालं, आजोबा. उघडा डोळे.

दौलतराव : बाई शिकलेल्या दिसत्यात, पर तेलातलं काय कळत न्हाई त्यांला.

गणराज : म्हणजे ते वास घेत नाहीत.

विजयश्री : कुणी आणलंय ते बघतात. घरचं असेल तर करडी, बाहेरचं असेल तर सरकी. खोटं नाही बोलत ते. त्यांना खरंच तसं वाटतं. एवढ्या वर्षांची सवय आहे, हात चालतो, तोंड चालतं.

गणराज : कालच्या घाणीला पण.

विजयश्री : हो. मला वाटतं, बरेच दिवस.

गणराज : हं.

विजयश्री : तुम्ही बसता का जरा? पाणी आणू?

गणराज : नको. मला काही झालेलं नाही. तेच तर आहे, मॅडम. मला काही होतच नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव पहिल्यांदा सांगितलं ना, तेव्हा समोर रंभा, माझी बायको, रडत होती आणि मी त्यांना विचारलं, पार्किंगच्या पावतीवर शिक्का कुठं मारतात. तेव्हापासून असंच आहे. सकाळी उठतो, त्यांना अंघोळ घालतो, घाणा लावतो, वैरण गोळा करतो. आता तुम्ही हे सांगितलंत. मला कळतंय की काहीतरी मोठं ऐकलंय मी. पण ते आत जातच नाही. दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं.

विजयश्री : पुष्कळ घरांत होतं असं. तुम्ही त्याबद्दल स्वतःला काही लावून घेऊ नका.

गणराज : लावून घ्यायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

विजयश्री : मला एक सांगा. तुम्हाला वास येत नव्हता, आजोबांवर तुमचा भरवसा होता, इथपर्यंत समजलं. घरात तिसरं माणूस होतं. वहिनींना नाही का दाखवलंत तुम्ही ते तेल?

गणराज : दाखवलं नाही.

विजयश्री : बरं.

गणराज : तिनं आपणहून वास घेतला.

विजयश्री : कधी?

गणराज : त्याच दिवशी. आबांनी सरकी म्हटल्यावर मी बाटली ओट्यावर ठेवली. ती पोळ्या करत होती. तिनं झाकण काढलं, आणि म्हणाली, मामंजी काय म्हणतात हे? ह्यात वेलची आहे वरून. आणि वेलचीच्या खाली…

विजयश्री : थांबा. पुढचं मला सांगू नका.

गणराज : का?

विजयश्री : मला कळता कामा नये. कुणाला काय दिलंय हे आमच्यापैकी कुणालाच कळता कामा नये, नाहीतर…

गणराज : जवस म्हणाली.

विजयश्री : सांगू नका म्हटलं होतं मी.

गणराज : वेलचीच्या खाली जवस आहे म्हणाली. मी म्हटलं, तुला काय कळतंय, आबा सरकी म्हणतायत. ती म्हणाली, मला वास येतोय, तुम्हाला येत नाही. मी म्हटलं, गप बस. एवढंच झालं. मग तिनं पोळी उलटली. परत तो विषय काढला नाही तिनं. मीही नाही.

विजयश्री : आत्ता मी वेलचीचं बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, वेलची कशाला.

गणराज : तेव्हा आठवलं नव्हतं. शपथेवर सांगतो. तिचं बोलणं डोक्यात ठेवलंच नव्हतं मी. विसरायचा आजार आबांना आहे म्हणतात.

विजयश्री : वहिनींनी माहेरी घाणा बघितलेला आहे का?

गणराज : तिचं माहेर सोलापूरकडचं, घाणेवाल्यांचंच. नाकाची पक्की आहे. मोशीची गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत ना, ते तिच्यामुळं. आबा हं म्हणतात, गिऱ्हाईक फोटो काढतं, आणि डबा लागायच्या आधी ती आत नेऊन एकदा बघते. दोनदा घाणी बाजूला काढली तिनं. मी विचारलं नाही का काढलीस. मला वाटायचं, तिचा हट्ट आहे.

विजयश्री : गणराजभाऊ, नीट ऐका. एक, एका माणसाच्या नाकावरून बाटलीत काय होतं हे ठरत नाही.

गणराज : आमच्या धंद्यात ठरतं.

विजयश्री : दोन. समजा ते जवसाचं होतं. त्यानं आजोबांना फरक पडला असता की नाही, हे कुणालाही माहीत नाही. खरंच माहीत नाही. कुणाला बरं वाटतं, कुणाला काही होत नाही, म्हणून तर हे सगळं चाललंय. माहीत असतं तर निम्म्या लोकांना साधं तेल देऊन बसवलं असतं का आम्ही?

गणराज : म्हणजे मी त्यांचं काही घालवलं की नाही, हे पण कळणार नाही.

विजयश्री : नाही. कदाचित चौदाच आले असते. कदाचित तेराही आले असते.

गणराज : कदाचित एकोणीस राहिले असते.

विजयश्री : ते मी नाही म्हणू शकत.

गणराज : मी म्हणत नाहीये. नुसतं मोजतोय.

विजयश्री : आमच्या यादीतले अकरा जण आधीच गळलेत. कुणी वारलं, कुणी गावी गेलं, कुणाची सून म्हणाली, रोज कोण मोजत बसणार चमचे. तुमचं घर मला सगळ्यात भरवशाचं वाटायचं.

गणराज : माफ करा, मॅडम.

विजयश्री : त्यासाठी नाही म्हणाले.

गणराज : मी बोललो नसतो तर पुढचं वर्ष मिळालं असतं ना त्यांना? गाडी, डॉक्टर, तेल, सगळं?

विजयश्री : हो.

गणराज : तुम्ही काही लिहिलंय का अजून?

विजयश्री : अजून नाही. मी हातात पेन घेतलेलं नाही, गणराजभाऊ. इथं आपण तिघंच आहोत, आणि आजोबा कुणाला सांगणार नाहीत. मी हे म्हणायला नको. पण म्हणतेय.

गणराज : मी सही केली तर आबांचा आकडा कुठं जाईल?

विजयश्री : बाकीच्यांच्या आकड्यांत. शेवटी दोन गठ्ठे करतात. जवसवाल्यांचा एक, साध्या तेलवाल्यांचा एक. मग बघतात, कुठला गठ्ठा कमी उतरला.

गणराज : म्हणजे रंभाचं खरं असेल तर आबा जवसाच्या गठ्ठ्यात जाणार. आणि चौदा आकडा जाणार. आणि खाल्लीये करडी.

विजयश्री : हो.

गणराज : मग कुणीतरी म्हणणार, बघा, जवस देऊनही पाच उतरले.

विजयश्री : एका माणसानं एवढा फरक पडत नाही.

गणराज : शंभर किलोत एक किलो पामतेल घातलं तरी कुणाला कळत नाही, मॅडम. आबांना विचारा, ते काय म्हणतात त्याला.

दौलतराव : कशाला?

गणराज : शंभर किलोत एक किलो पामतेल.

दौलतराव : भेसळ.

गणराज : लिहा, मॅडम.

विजयश्री : मग पुढचं वर्ष जाईल.

गणराज : जाऊ दे. जवस माझ्याकडं आहे, ते देईन मी. रिक्षानं नेईन तपासायला, उतरले तर परत बसवीन. उपयोग होतोय की नाही, हे मात्र कुणी मोजणार नाही. तेवढं गेलं. कुठं लिहायचं असतं?

विजयश्री : इथं. अभ्यासातून बाहेर, आणि कारण.

गणराज : कारण काय लिहिताय?

विजयश्री : नातेवाइकांनी तेल दिलं नाही, एवढं पुरतं.

गणराज : मुलानं दिलं नाही, असं लिहा. नातेवाईक म्हटलं की तीही आली त्यात.

विजयश्री : लिहिलं. खाली सही करा. तारीख मी घालते.

गणराज : ही घ्या.

विजयश्री : सगळ्यांचं संपलं की वर्षाभरानं यादी उघडतील. कुणाला काय दिलं होतं ते तेव्हा कळेल. तुम्हाला फोन करू का?

गणराज : करा.

विजयश्री : नक्की? नको असेल तर नाही करत. काही लोकांना नको असतं.

गणराज : करा. फोन दुकानाच्या नंबरवर करा, तिच्याकडं असतो तो. तिला सांगा आधी. मला ती सांगेल.

विजयश्री : वहिनी कुठं गेल्यात आज?

गणराज : मोशीत डबे पोचवायला. चार वाजेपर्यंत येते.

विजयश्री : मी निघते मग. आजोबा, येते हं मी.

दौलतराव : या. पर तेल आणू नका. हितं लई हाय.

विजयश्री : नाही आणणार.

दौलतराव : गण्या.

गणराज : काय, आबा?

दौलतराव : ही वाटी कशाची रं? मघापास्नं हातात धरलीया. मला काय कळंना.

गणराज : करडी म्हणालात की तुम्ही.

दौलतराव : म्हणालो असंल. आता न्हाई कळत. तू बघ.

गणराज : तुम्ही मला कधी बघू दिलं नाही, आबा. आख्ख्या जन्मात.

दौलतराव : मग आता देतोय न्हवं? घे. सांग काय हाय.

विजयश्री : भाऊ, मी सांगू का?

गणराज : नको, मॅडम. आबा, ठेवा ती वाटी खाली. रंभा येईल आता. तिला विचारू.